कोंपाद्रेचा कूलर

चौऱ्याऐंशी. चौऱ्याण्णव नव्हे, चौऱ्याऐंशी लिही — एकोणीसशे चौऱ्याऐंशी, जूनचा दुसरा आठवडा, पाऊस यायला अजून महिना होता आणि खाणीतल्या संपाला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून हा कूलर या छपरावर आहे. त्याआधी दुसऱ्या छपरावर होता. ते लिहायला तुझ्या त्या काचेच्या पाटीवर जागा नसेल, तर राहू दे. बस. ती खुर्ची नको, ती बायकोची, हर्मिनियाची. दुसरी ओढ.

शिडीची घाई नको. छप्पर कुठं पळत नाही. आधी ऐक, म्हणजे वर गेल्यावर दचकणार नाहीस. पाण्याचा ट्रे सडलाय — तो बघ छताला डाग, दर वर्षी ताटाएवढा वाढतो. मोटर तिसरी आहे. पंप किती झाले ते मोजलं नाही. आतले लाकडाच्या ढलप्यांचे पॅड मी स्वतः बदलतो, दर मे महिन्यात, गुडघे परवानगी देतात तोवर. आतून डांबर लावतो. बाहेरचा पत्रा तेवढा मूळचा. — हो, ते झालं उन्हाळ्याचं. हिवाळ्याला भिंतीतला तो गॅसचा हीटर. त्याची ज्योत हर्मिनिया पेटवायची, गुडघे टेकून, ओठ हलवत, जणू मारियेपुढं मेणबत्ती लावतेय. ती गेल्यापासून मी तो पेटवलेला नाही. कोट घालून झोपतो. डिसेंबरात या वाळवंटात दात वाजतात, वाजू देत. हे रुबेनला सांगू नकोस.

रुबेन माझा मुलगा. त्यानंच तुला फोन केला. तो म्हणतो, पप्पा, एकच पेटी, छपरावर बसवायची, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम, भिंतीवर बटण. खिडक्या बंद करायच्या आणि विसरून जायचं. — बंद म्हणजे अगदी बंद? बोटभरसुद्धा नाही? — माहीत होतं मला. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

या जुन्याला खिडकी लागते. तुला काय सांगायचं, तुझा धंदा आहे. तो छपरावरून ओली हवा आत ढकलतो, आतली जायला वाट पाहिजे. वाट नसेल तर घर धुण्याच्या खोलीसारखं होतं, भिंतींना घाम येतो, आणि गारवा काही मिळत नाही. म्हणून ही खिडकी. ही, सिंकवरची. चाळीस उन्हाळे ही चार बोटं उघडी राहिली. सिंकपाशी तो लाकडाचा ठोकळा बघ — तो हर्मिनियानं लावलेला. मी नाही.

तेव्हा ऐक. हा कूलर आज खाली उतरेल की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. रुबेननं ठरवलंय. तू शिडी आणलीस, म्हणजे तूही ठरवलंयस. मी नाही. गेल्या जुलैत मी मोरीत पडलो, शेजारणीनं बघितलं, तेव्हापासून माझं कुणी ऐकत नाही. ठीक आहे. पण घर माझं आहे.

आणि मला मिस्टर इबारा म्हणू नकोस. — म्हण, म्हण. दुसरं काय म्हणणार. तुझ्या शर्टावर नाव शिवलंय, नोएलिया किहादा, तेवढं मला वाचता येतं. पण वाचायची गरज नव्हती. तू फाटकातून आलीस तेव्हाच कान बघितले. तुझ्या बापाचे, वेन्सेस्लाओचे कान. डोक्यापासून सुटलेले, पातेल्याच्या कड्यांसारखे. रुबेननं टक्सनच्या मोठ्या कंपन्यांची नावं पाठवली होती, मी म्हटलं नको, गावातली ती पोरगी आहे ना, तिला बोलाव. का, ते त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं असेल, म्हातारा चिकट आहे, स्वस्तात करून घेतोय.

तुझ्या बाप्तिस्म्याला तुला मी धरलं होतं. — माहीत होतं? कुणी सांगितलं? — आईनं. बरं. मग तिनं हेही सांगितलं असेल, की पाद्र्यानं डोक्यावर पाणी ओतलं आणि तू माझ्या नव्या शर्टावर मुतलीस. तुझा बाप भर चर्चमध्ये म्हणाला, "कोंपाद्रे, घे, तुझाही झाला बाप्तिस्मा." पाद्रीसुद्धा हसला. मी नाही हसलो, शर्ट उसना होता. तर त्या दिवसापासून, पोरीचा बाप आणि धर्मबाप म्हणून, तो माझा कोंपाद्रे आणि मी त्याचा. सख्ख्या भावाशी भांडता येतं. कोंपाद्रेशी येत नाही — पोराच्या डोक्यावर पाणी पडताना दोघं उभे होते, ते मोडायचं कसं? मोडत नाही ते. नुसतं बंद करता येतं.

आम्ही दोघं भट्टीवर होतो. तांबं वितळायचं तिथं. एकाच पाळीत, एकाच डब्यातून जेवायचो, बीन्स गुंडाळलेल्या तोर्तिया, तुझी आई त्याच्या वाटच्यांना जास्त तिखट लावायची म्हणून तो माझ्या उचलायचा. मग संप झाला. तू लहान होतीस. पहिला महिनाभर सगळे कंपनीच्या फाटकावर उभे होते, तोही होता, गाणी तोच म्हणायचा. मग कंपनीनं सांगितलं, ज्याला आत यायचंय त्यानं या, जागा भरायच्या आहेत. आणि ऑगस्टात एक दिवस सकाळच्या पाळीला तुझा बाप मान खाली घालून आमच्यामधून आत गेला. डबा हातात. माझ्या शेजारून गेला. मी त्याच्या बुटांकडे बघत होतो.

कारण? कारण विचारलं नाही. कारण सगळ्यांकडे होतं. माझ्याकडेही होतं, पोटात होतं, हर्मिनियाच्या पोटात. या गावात तेव्हा एकच कायदा होता, पोरी, आणि तो मी केला नव्हता — जो आत गेला, त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच्या बायकोशी नाही, पोरांशी नाही. नमस्काराला उत्तर नाही. तो जळत असेल तर जळतोयस असंही सांगायचं नाही. भाऊ भावाशी बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत, कबरस्तानात जाऊन बघ, कोण कुणाच्या रांगेत पुरलाय. मी तो कायदा पाळला. बरोबर केलं. आज विचारलंस तरी बरोबरच म्हणेन.

पाणी पी. इथं माणूस पाणी विसरतो आणि मग पडतो.

तर जून. रुबेन एप्रिलात झाला, दिवस भरायच्या आधी. एवढासा. आमचा खिडकीतला जुना कूलर मेमध्ये जळाला, मोटर गेली, आणि संपातल्या माणसाला मोटर कोण देणार. घर म्हणजे भट्टीच झाली, आणि भट्टी मला माहीत होती, पण मी मोठा होतो. पोर आधी रडायचं. मग कमी रडायला लागलं. मग रडेना. हर्मिनिया ओल्या फडक्यानं पुसत बसायची आणि फडकं तिच्या हातातच सुकायचं. डॉक्टर म्हणाला, याला गार ठेवा. एवढंच म्हणाला. गार ठेवा.

आणि एका सकाळी, उजाडलं नव्हतं नीट, छपरावर पावलं. मी या टेबलाशी बसलो होतो. हे टेबल, ही जागा. मागच्या गल्लीतून कुणीतरी आलं होतं, शिडी आमचीच लावली होती. मला बघायला उठायची गरज नव्हती. त्याचं चालणं मला माहीत होतं, डाव्या पायावर जोर देऊन, उजव्यावर एकदा भट्टीतली तप्त मळी पडली होती त्याच्या. वर काहीतरी घासलं, ठोकलं, छतातल्या जाळीतून, हवेच्या जुन्या डक्टमधून, धूळ खाली पडली, इथं, टेबलावर, माझ्या कॉफीत. मी कॉफी प्यायलो. तो वर काम करत राहिला, मी खाली बसून राहिलो. पाण्याची नळी जोडली. वायर जोडली. मग पंखा फिरला, आणि त्या जाळीतून वास आला — ओल्या लाकडाचा. तो वास तुला माहीत आहे. यापेक्षा चांगला वास मला माहीत नाही, पाऊस धरूनसुद्धा.

पण हवा येईना. कशी येईल? खिडक्या सगळ्या बंद होत्या, धुळीसाठी. मग तो डक्टमध्ये तोंड घालून बोलला. आमची कामाची पद्धतच ती, एक वर असला, एक खाली असला, की डक्टमधून बोलायचं. वरून म्हणाला, "कोंपाद्रे, खिडकी उघड."

एवढंच. संपाबद्दल काही नाही. माफ कर नाही, घे नाही. कोंपाद्रे, खिडकी उघड.

मी बसून राहिलो. खिडकी माझ्या हाताच्या अंतरावर होती. उठायचीही गरज नव्हती. तो वर वाट बघत होता — पत्र्यावर माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकतो, तसा करकरायचा आवाज येत होता. मग हर्मिनिया आतून आली, पोर खांद्यावर, माझ्याकडे बघितलं नाही, खिडकी वर ढकलली आणि तो लाकडाचा ठोकळा खाली सरकवला. हवा आली. वर पावलं शिडीकडे गेली. बास.

दुसऱ्या दिवशी फाटकावर सगळ्यांना माहीत. हे गाव लहान, छपरं सपाट, कुणाच्या छपरावर काय आलं ते सगळ्यांना दिसतं. न्हावी एलिसेओ मला म्हणाला, "चेंचो, तुझ्या घरात आता संपफोड्याची हवा येते म्हणे. गार लागते का रे?" सगळे हसले. मी म्हटलं, टक्सनला एका गोऱ्याकडून जुना घेतला. मी खोटं बोलत नाही, पोरी. तेव्हा बोललो. रांगेपलीकडून तुझा बाप पाळी संपवून बाहेर येत होता. त्यानं ऐकलं असेल. नसेलही. भट्टीनं आमचे कान खाल्लेच होते.

घरी आलो, पाना घेतला आणि वर चढलो. उतरवून गल्लीत फेकणार होतो. पहिला बोल्ट ढिला केला. आणि डक्टमधून खालून रुबेन रडला. जोरात. भूक लागलेल्या, रागावलेल्या पोरासारखा — कित्येक दिवसांनी. मी तो बोल्ट परत आवळला. नीट आवळला.

त्यानंतर? त्यानंतर काही नाही. संप मोडला, खाण बंद पडली, गेलं सगळं. तो दुकानात समोर आला की टोपीला हात लावायचा. मी फळीवरचे डबे वाचायचो. इंग्रजी मला येत नाही, तरी वाचायचो. तामालेस केले की हर्मिनिया या खिडकीतून तुझ्या आईला पुडकं द्यायची, मी अंगणात असायचो तेव्हा. दोघींना वाटायचं मला कळत नाही. — तू खाल्लेस ते? — हं. बरे करायची ती.

तुझा बाप गेला तेव्हा मी आत आलो नाही. चर्चसमोर गाडीत बसलो होतो, काचा वर, इंजिन बंद. तू बघितलंस माझ्याकडे. काळ्या कपड्यात होतीस. मला वाटलं, येईल काच ठोठावायला. नाही आलीस. बरोबर केलंस.

आता जे सांगतो ते रुबेनला सांगायचं नाही. दर हिवाळ्यात आम्ही कूलरवर ताडपत्री टाकतो आणि डक्टच्या तोंडात सरकता पत्रा घालतो, गरम हवा वर जाऊ नये म्हणून. मे आला की पत्रा काढायचा. तो गेला ऑगस्टात. पुढच्या मे महिन्यात मी पत्रा काढला, पंखा लावला नव्हता अजून, पाणीसुद्धा सोडलं नव्हतं. टेबलाशी बसलो. आणि जाळीतून आवाज आला. — काय आवाज? तुला काय वाटतं, काय? तोच. कोंपाद्रे, खिडकी उघड. आणि मग वर करकर. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

माझा डावा कान बंद आहे, उजवा अर्धा. हर्मिनिया शेजारी बसून हाक मारायची ती ऐकू यायची नाही. हे येतं. मी पीत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. हर्मिनिया म्हणायची, वारा आहे, डक्टमध्ये घुमतो. मी म्हटलं, वारा मला कोंपाद्रे कशाला म्हणेल? त्यावर तिनं वर जाळीकडे बघितलं. म्हणजे तिलाही येत होतं.

एका वर्षी मी पत्रा काढलाच नाही. मे गेला, जून आला. ती मानेला ओला टॉवेल गुंडाळून बसायची. एक दिवस मी एलिसेओकडून केस कापून आलो तर ही बाई, सत्तरीची, या टेबलावर उभी, हातात भाजीची सुरी, पत्रा उचकटून काढतेय. म्हणाली, तुला त्याच्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, मला घाम येतोय. शेवटी टक्सनच्या दवाखान्यात होती, तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत, तिला ते आवडलं नाही. मे महिनाच होता. मला म्हणाली, पत्रा काढलास? म्हटलं, काढला. म्हणाली, उत्तर दिलंस? मी विचारलं, कुणाला? तिनं तोंड भिंतीकडे केलं.

नाही दिलं मी. या वर्षीही नाही दिलं. माझं काही चुकलं म्हणून नव्हे, हे नीट ऐक, मी फाटक ओलांडलं नाही, त्यानं ओलांडलं. पण माणूस तुमच्या छपरावर उभा राहून काही विचारतो, तर त्याला उत्तर द्यायचं असतं. हो म्हणा, नाही म्हणा. ते देणं आहे. त्याला संप लागू नाही. आणि तू आज तो कूलर काढणार, डक्ट कापणार, नवी पेटी बसवणार, खिडक्या बंद. मग तो उभा कुठं राहील? बोलेल कुठून? आणि मी कुणाला…

पाणी दे जरा. — राहू दे, मी घेतो.

तुला एक विचारतो. त्या उन्हाळ्यात तुम्ही सगळे अंगणात झोपायचात. खाटा बाहेर, अंगावर ओल्या चादरी. मी पहाटे फाटकाकडे जाताना बघायचो. तुझा एक पाय खाटेबाहेर असायचा. आठवतं? — आणि का झोपायचात, काय सांगितलं होतं त्यानं? — मोटर जळाली म्हणाला? चांगलं सांगितलं. — नाही. जळाली नव्हती. तुमच्या छपरावर डांबराचं चौकोनी ठिगळ आहे ना, स्वयंपाकघराच्या वर? कधी विचार केलास, तिथं काय होतं? तू छपरांवरच जगतेस, तुला कळायला हवं होतं.

हो. तोच. वर आहे तो तुमचा कूलर. त्यानं स्वतःच्या पोरीच्या डोक्यावरून काढून माझ्या पोराच्या डोक्यावर बसवला. मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो.

नाक पूस. रुमाल आहे का? — हा घे, धुतलेला आहे.

जा. शिडी लाव. काढायचा तो, ठरलं. पण भंगारात जाणार नाही. तुझ्या गाडीत घालायचा आणि तुझ्या अंगणात न्यायचा, मग तिथं काय करायचं ते तू बघ. दुसऱ्याची वस्तू मी फेकत नाही, नाहीतर कधीच फेकली असती. जपून चढ, तिसरी पायरी हलते.

… लागली का शिडी? — हो, हो, येतंय ऐकू. डक्टमध्ये बोल, ओरडू नकोस. पॅड बघितलेस? बोल्ट उजवीकडचा आधी सोड, तो मी आवळलेला आहे, जड जाईल. — काय? थांब म्हणतेस? — शेवटचं एकदा चालवून बघायचंय? कशाला? — हवा किती येते ते नव्या पेटीसाठी मोजायचंय. बरं. मोज. पाणी सोडलंस तर ट्रे गळेल, डाग वाढेल. वाढू दे, आजच्या दिवस.

फिरला. — आला वास. अजून येतो. एवढा म्हातारा झाला तरी येतो.

नाही, हवा येत नाहीये. — मी बंद केली होती गं. तू यायच्या आधी. ठोकळा काढून ठेवला. सवय व्हावी म्हणून.

काय म्हणालीस? — परत म्हण. डक्टमध्ये तोंड घालून म्हण, डावा कान बंद आहे माझा. — हं.

हं. ऐकू आलं.

थांब तिथंच. हलू नकोस. मी उठतोय.

… उघडली, कोंपाद्रे.